ओळखीचा ताळेबंद

पाहुणे किती आले हे पाहून कणीक किती भिजवायची ते घरातल्या बाईला बरोबर समजते. सदऱ्याला कापड किती लागेल हे शिंपी नुसत्या नजरेने सांगतो. पण एका माणसाला दुसरी माणसे किती लागतात, हा हिशेब मांडायला जगाला १९२९ साल उजाडावे लागले. आणि तो मांडला कोणी? अर्थशास्त्रज्ञाने नव्हे, हिशेबनीसाने तर नव्हेच. मांडला एका विनोदी लेखकाने. मी स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकून आणि फावल्या वेळात विनोदी लेखक असल्यामुळे या घटनेचा मला थोडा अभिमान वाटतो. (हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव लांबले आहे, जेवणाची सुट्टी तेवढीच आहे.)

तर हंगेरीतल्या या लेखकाचे नाव फ्रिज्येश कारिन्थी. त्याने ‘साखळ्या’ अशा अर्थाच्या नावाची एक गोष्ट लिहिली. गोष्टीतली मित्रमंडळी गप्पा मारत बसली आहेत. त्यातला एकजण पैज लावतो, की या पृथ्वीवरच्या दीडशे कोटी माणसांतला कोणीही निवडा, जास्तीत जास्त पाच ओळखींत मी त्याच्यापर्यंत पोचून दाखवतो. दुसरा लगेच स्वीडनच्या नोबेल-विजेत्या लेखिका सेल्मा लागरलॉफ यांचे नाव टाकतो. सोपे आहे! नोबेल पारितोषिक दिले स्वीडनच्या राजाने, राजाला टेनिसचा नाद, राजा खेळला हंगेरीच्या एका नामांकित टेनिसपटूबरोबर, आणि तो टेनिसपटू आपल्या गड्याच्या ओळखीचा. संपले! मग कोणीतरी म्हणतो, मोठ्या माणसांचे सोडा हो, फोर्डच्या कारखान्यातला रिबिटा मारणारा एखादा कामगार घ्या. पठ्ठ्या त्याच्यापर्यंतही पोचतो.

आता हे वाचून युरोपातले लोक थक्क झाले असतील. मराठी माणूस थक्क होणार नाही. आपल्याकडे कुठल्याही लग्नात, मांडवातल्या खुर्चीवर शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला आपण एकच प्रश्न विचारतो, “आपण मूळचे कुठले?” ते म्हणतात, “गुहागरचे.” आपण म्हणतो, “गुहागरला आमच्या मावससासूबाईंचं माहेर.” तिसऱ्या वाक्याला नाते निघते, चौथ्या वाक्याला त्या नात्यातला जमिनीचा दावा निघतो, आणि पाचव्या वाक्याला दोघेही दुसरीकडे बघायला लागतात. पाच ओळखींची पैज आपण केव्हाच जिंकलेली आहे. फक्त ती लिहून ठेवायचे कोणाला सुचले नाही.

अमेरिकेत मात्र सगळे लिहून ठेवतात. इथिएल द सोला पूल आणि मॅनफ्रेड कोखेन या दोन विद्वानांनी १९५०च्या दशकात हाच प्रश्न गणिताने सोडवायला घेतला. माणसाच्या ओळखी तरी किती असतात? स्वतःला विचारले तर प्रत्येकजण वाटेल तो आकडा सांगतो. (कर्जाच्या अर्जात उत्पन्नाचा आकडा सांगतात तसाच.) म्हणून काही लोकांच्या हातात वह्या दिल्या आणि सांगितले, शंभर दिवस ज्याच्या-ज्याच्याशी गाठ पडेल त्याचे नाव लिहा. माणसामाणसांच्या वह्यांत जमीनअस्मानाचे अंतर निघाले. पूल आणि कोखेन यांचा निबंध १९५८च्या सुमाराला लिहून तयार झाला, पण ‘अजून प्रश्न पुरता सुटलेला नाही’ म्हणून त्यांनी तो छापलाच नाही. वीस वर्षे तो या हातातून त्या हातात फिरत राहिला आणि छापला गेला १९७८ साली. वीस वर्षे एकच कागद फिरतो आहे आणि निकाल लागत नाही, हे वाचून मला त्या दोघांविषयी विलक्षण आपुलकी वाटली. आमच्या विभागीय कार्यालयाबाहेरही अशी माणसे असतात तर!

तो निबंध फिरत असतानाच स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने सरळ टपालखात्याला कामाला लावले. १९६७ साली त्याने हा प्रयोग लोकांपुढे आणला आणि १९६९ साली जेफ्री ट्रॅव्हर्सबरोबर त्याचा तपशील छापला. बॉस्टनमध्ये काम करणारा आणि जवळच्या शेरॉन गावात राहणारा एक शेअरदलाल मुक्कामाचे ठिकाण म्हणून ठरवला. नेब्रास्का राज्यातल्या आणि बॉस्टनमधल्या मिळून २९६ लोकांना पाकिटे दिली. अट अशी, की दलाल तुमच्या ओळखीचा नसेल तर त्याला थेट पाठवायचे नाही. तुमच्या ओळखीचा जो माणूस त्याच्या जास्त जवळचा वाटेल त्याच्याकडे पाठवा, तो पुढे पाठवील.

पोचली किती? ६४. पोचलेल्या पाकिटांमागे मधली माणसे सरासरी ५.२. कारिन्थीची पैज जवळजवळ खरी ठरली म्हणून जगात डंका झाला. पुढे १९९० साली जॉन ग्वेअर यांच्या नाटकामुळे ‘सहा पायऱ्यांचे अंतर’ हे शब्द सर्वतोमुखी झाले. पण बँकेतला माणूस आधी थकबाकीकडे बघतो. २९६ पैकी ६४, म्हणजे वसुली बावीस टक्केसुद्धा नाही! एवढ्या वसुलीवर आमच्याकडे शाखाधिकाऱ्याची बदली गडचिरोलीला होते. उरलेली २३२ पाकिटे गेली कुठे? ती कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर, ‘उद्या टाकू’ म्हणून राहिली. ओळख नव्हती असे नाही. ओळख होती, पण पाकीट उचलण्याइतकी नव्हती. या २३२ पाकिटांवर कोणी नाटक लिहिले नाही, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

या प्रयोगात मला सर्वांत आवडलेला माणूस वेगळाच आहे. दलालाच्या घरच्या पत्त्यावर जी २४ पाकिटे पोचली, त्यातली १६ एकाच माणसाने नेऊन दिली. तो कोण? गावातला कपड्यांचा दुकानदार! प्रोफेसर नव्हे, मेयर नव्हे, कपड्यांचा दुकानदार.

बँकेत पूर्वी खाते उघडायला ‘ओळख देणारा’ लागत असे. आधीच्या खातेदाराने अर्जावर सही करायची, की या गृहस्थांना मी ओळखतो. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने अर्ज चाळायला मिळाले होते. अर्ध्या बाजारपेठेच्या अर्जांवर एका किराणा दुकानदाराची सही. शाळामास्तर त्याच्या ओळखीने आलेले, मास्तरांच्या ओळखीने डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या ओळखीने पुन्हा त्याच किराणावाल्याचा मेहुणा. साखळी पूर्ण! पुढे ती सहीची पद्धत गेली. आता माणूस स्वतःच्या अंगठ्यावरून ओळखला जातो, त्याला दुसऱ्या माणसाने ओळखायची गरज उरलेली नाही. कामाचा वेग वाढला हे खरे आहे. पण नवीन खातेदाराला काउंटरपर्यंत घेऊन येणारा आणि “साहेब, हा आपला माणूस” म्हणणारा तो दुकानदार गेला, तो गेलाच.

यानंतरचा पुरुष मार्क ग्रॅनोव्हेटर. याने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी नवी नोकरी मिळालेल्या लोकांना गाठून विचारले, की नोकरीची बातमी तुम्हाला दिली कोणी? ज्यांना ती ओळखीतून मिळाली होती त्यांच्यापैकी फक्त १६.७ टक्के लोकांनी सांगितले, की हा माणूस आम्हाला वरचेवर भेटतो. ५५.६ टक्के म्हणाले, अधूनमधून भेटतो. आणि २७.८ टक्के म्हणाले, क्वचित भेटतो. त्यातले कित्येकजण तर ‘मित्राने सांगितले का?’ म्हटल्यावर दुरुस्ती करत, “मित्र नव्हे हो, नुसती ओळख.” कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे माहीत असते ते आपल्याला आधीच माहीत असते. तो आपल्याच कट्ट्यावर बसलेला असतो. वेगळी बातमी आणतो तो वेगळ्या कट्ट्यावरचा माणूस. ग्रॅनोव्हेटरचा हा लेख एका मोठ्या नियतकालिकाने १९६९ साली साभार परत केला होता. १९७३ साली तो दुसरीकडे छापून आला आणि समाजशास्त्रात अजरामर झाला. साभार परत हा शब्दप्रयोग ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना यातून केवढा धीर येतो, ते मी सांगायला नको.

आतापर्यंत माणसांचा हिशेब माणसांवरून चालला होता. १९९२ साली रॉबिन डनबार या इंग्रज शास्त्रज्ञाने तो माकडांवरून मांडला. माकडांच्या वेगवेगळ्या जातींत मेंदूच्या बाहेरच्या थराचे प्रमाण जितके मोठे तितका कळप मोठा, हे पाहून त्याने त्याच त्रैराशिकात माणसाचा मेंदू घातला. उत्तर आले १४७.८. व्यवहारात दीडशे. म्हणजे खऱ्या अर्थाने नाते ठेवता येईल अशी माणसे दीडशे. त्याच्या आत पन्नास, त्याच्या आत पंधरा, आणि अगदी गाभ्यात पाच. पुढे २००३ साली त्याने आणि रसेल हिल यांनी इंग्रज कुटुंबांची नाताळची भेटकार्डे मोजली. ज्या घरांना कार्डे जातात त्या घरांतली सगळी माणसे मिळून आकडा भरला १५३.५.

आपल्याकडे ही मोजणी दिवाळीच्या फराळाच्या डब्यांवरून सहज करता येईल. आमच्या घरून किती डबे जातात ही नोंद आमच्या सौभाग्यवतींच्या डोक्यात असते आणि ती रिझर्व्ह बँकेच्या तपासणीलासुद्धा पुरून उरेल. कोणाकडे चकलीसह, कोणाकडे चकलीविना, कोणाचा डबा गेल्या वर्षी रिकामा परत आला, सगळे तोंडपाठ. डनबारला पाच, पंधरा आणि पन्नास अशी वर्तुळे शोधायला माकडे लागली. इथे अनारशांवरून समजते. अनारसे फक्त पाच घरी जातात.

दीडशेच्या आकड्यावर भांडणेही झाली. २०२१ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी तीच त्रैराशिके पुन्हा मांडली आणि म्हणाले, असा एक नेमका आकडा काढताच येत नाही. पद्धत बदलली की उत्तर बदलते, आणि शक्यतेची हद्द पार २ पासून ५२० पर्यंत जाते. २ म्हणजे नवरा-बायको आणि ५२० म्हणजे त्यांच्या लग्नाचा हॉल. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी माणूस असतो, एवढे तरी नक्की झाले म्हणायचे.

एवढा सगळा हिशेब डोळ्यांसमोर असताना मग संगणक आला. १९९७ साली त्या सहा पायऱ्यांचेच नाव लावून ‘सिक्सडिग्रीज’ निघाले, ते फार टिकले नाही. जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट आले आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फेसबुक. ऑर्कुटवर आमची अख्खी पिढी पडीक असे. माणूस विश्वासू असेल तर त्याला हसरे चेहरे द्यायची तिथे सोय होती. हे गुणपत्रक कॅशियर नेमताना वापरावे असे मला फार वाटे, पण ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुटने गाशा गुंडाळला आणि आमचे सगळे हसरे चेहरे बुडीत खाती गेले. फेसबुकने मित्रांची मर्यादा ठेवली पाच हजार. लिंक्डइनवर पाचशेच्या पुढे गेले की नुसते ‘५००+’ लिहून येते, म्हणजे पुढचे मोजण्यात त्यांनाही रस नाही. व्हॉट्सॲपच्या एका गटात २०१६ पासून २५६ माणसे मावत, २०२२ पासून १०२४ मावतात. माणसाच्या मेंदूत या काळात काही वाढ झाल्याचे ऐकिवात नाही.

अंतर मात्र घटले. फेसबुकवरच्या दोन माणसांमध्ये सरासरी मधली माणसे किती, तर २०११ साली ३.७४ आणि २०१६ साली ३.५७, असे त्यांनीच काढले. मिलग्रॅमचे ५.२ कुठे आणि हे कुठे! (यातला सत्तावन्न शतांश माणूस कोणता, हे मला विचारू नका. असे कर्मचारी प्रत्येक शाखेत एकदोन असतात.) पण २०१६ सालीच डनबारने ब्रिटनमधल्या लोकांना दुसराच प्रश्न विचारला. फेसबुकवरचे मित्र किती? सरासरी दीडशे ते एकशेऐंशीच्या दरम्यान. बरे, यातले अडीअडचणीला धावून येतील असे किती? चार. सहानुभूती दाखवतील असे? चौदा. म्हणजे बाकी सगळे मिलग्रॅमच्या पाकिटांसारखे टेबलावर.

आमच्या बँकेत यासाठी चांगला शब्द आहे. खातेदाराने दोन वर्षे खात्यात स्वतःहून काहीच उलाढाल केली नाही, तर ते खाते ‘निष्क्रिय’ होते. बँकेने व्याज जमा केले ती उलाढाल धरत नाहीत. हा बारकावा लक्षात घ्या! फोन आपण होऊन आठवण करतो आणि आपण वाढदिवसाचा केक चिकटवतो, ते बँकेने जमा केलेले व्याज झाले. दहा वर्षे झाली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण खातेदार नंतर उगवला तर त्याचे पैसे मिळतात. ती रक्कम बुडत नाही, नुसती झोपते. हा नियम ज्याने केला त्याला माणसे कळत असली पाहिजेत.

हे मला एप्रिल २०२१ मध्ये फार जवळून बघावे लागले. माझ्या थोरल्या भावाचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला. त्या दिवसांत महाराष्ट्रात ऑक्सिजनचा बेड मिळणे म्हणजे काय होते, हे ज्यांनी भोगले त्यांना सांगायची गरज नाही. माझ्या फोनमध्ये त्या दिवशी १,१४३ नंबर होते. बी.कॉम.ची बॅच, सोसायटी, युनियन, मुलीच्या शाळेचे पालक, सगळ्या गटांवर मी टाकले. तासाभरात एकसष्ट जोडलेले हात आले. हात मनापासून जोडलेले होते, त्यात शंका नाही. नंबरांच्या याद्या आल्या, एकच यादी सात जणांकडून. त्यातला एक नंबर लागत नव्हता, दुसरा व्यग्र होता, तिसरा उचलणारा माणूस स्वतःच रडत होता.

तेवढ्यात शाखेत पाण्याचे जार टाकणाऱ्या मुलाचा फोन आला. उद्या जार येणार नाहीत म्हणून सांगायला. माझ्या फोनमध्ये त्याचे नाव ‘पाणी जार’ असे होते. तो म्हणाला, “साहेब, आवाज असा का येतोय?” मी सांगितले. तो म्हणाला, “दहा मिनिटं थांबा.” त्याची वहिनी शेजारच्या तालुक्यात एका लहानशा दवाखान्यात आया होती. दहा नव्हे, चाळीस मिनिटे लागली, पण बेड मिळाला. मधली माणसे दोन. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे इतक्या थोडक्यात सिद्ध झालेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांवर पाच वर्षे प्रयोग करून २०२२ साली काही संशोधकांनी काढले, की नोकरी मिळायला फार घट्ट ओळखही नको आणि अगदीच पुसट ओळखही नको. मधली, जरा सैलसर ओळख सर्वांत कामाची. पाणी जार आठवड्यातून तीनदा भेटायचा. मी त्याला सुट्टे पैसे द्यायचो.

पण ती अर्धी गोष्ट झाली. दवाखान्याच्या फाटकात त्या रात्री आमचे हेडकॅशियर येऊन बसले. वय एकोणसाठ. संचारबंदीतून बँकेचे ओळखपत्र दाखवत आलेले. बरोबर चहाचा थर्मास आणि भाकरीचा डबा. त्यांचा फोन बटणांचा, त्यात जेमतेम चाळीस नंबर, आणि कुठल्याही गटात ते नव्हते. दवाखान्यात, कलेक्टर कचेरीत, कुठेही त्यांची ओळख नव्हती. त्यांच्याने काहीही होण्यासारखे नव्हते, आणि ते त्यांनाही माहीत होते. दोन रात्री ते फूटपाथवर वर्तमानपत्र अंथरून बसले. मधूनच विचारायचे, “किती आला आता?” आणि मी आकडा सांगितला की खिशातल्या वहीत लिहायचे. कॅश टॅली होईपर्यंत उठायचे नाही, ही त्यांची जुनी सवय. दादा एकोणीस दिवसांनी घरी आला.

माझ्या त्या १,१४३ नंबरांत बेड देणारा एक निघाला. तो कोण असेल हे आधी सांगता आले नसते, म्हणून बाकीचे ठेवावे लागतात. फाटकात बसणारा कोण असेल, हे मात्र मी एप्रिल २०२१च्या आधीसुद्धा सांगू शकलो असतो. एका आकड्याला एकच उत्तर शोधणाऱ्या विद्वानांची पंचाईत होते ती इथे. या दोन रकमा वेगवेगळ्या लेजरात लिहायच्या आहेत.

हेडकॅशियर २०२२ साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यांचे खाते मीच बंद केले. मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन, दोन सह्या, आणि शिल्लक रक्कम वहिनींच्या खात्यात वर्ग. दहा मिनिटांचे काम. फोनमधल्या नंबरासाठी असा काही फॉर्म नाही. मी तो काढला नाही. दिवाळीला शुभेच्छांची जी यादी एका फटक्यात जाते, त्यातही तो तसाच ठेवला.

पण मोबाइल कंपन्या बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकतात. मागच्या दिवाळीत पाहतो तर हेडकॅशियरच्या नावापुढे गॉगल लावलेल्या, मोटारसायकलवर बसलेल्या एका पोराचा फोटो. आणि शुभेच्छांना उत्तर, “सेम टू यू काका. पण आपण कोण?”

मी लिहिले, “बँकेतला.”

“माझं लोन व्हईल का?” असे त्याने ताबडतोब विचारले.

कागदपत्रे घेऊन शाखेत ये म्हणून सांगितले. तो अजून आलेला नाही, पण रोज सकाळी साडेसहाला सूर्योदयाचे चित्र न चुकता पाठवतो. ते हेडकॅशियर या नावानेच येते.